एक सप्टेंबरच्या सहा ओळी

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पोकळीत एका माणसाला दुर्बिणीतून एक धोंडा फिरताना दिसला. धोंडा तिथे आधीपासून होताच. त्या दिवशी दिसला, एवढंच.

सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसलेल्या एका माणसाला त्या डागांवर दोन पांढरे ठिपके लखलखताना दिसले. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून तो धावत बाहेर गेला. परत येईस्तोवर ते विझत आले होते. पुढच्या दिवसभरात तारायंत्रं बॅटरी न जोडता चालू लागली.

प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यात दुपारी एक कबूतर मेलं. मादी. तिच्या जातीचे थवे डोक्यावरून जायचे तेव्हा एके काळी तासन्‌तास ऊन झाकलं जायचं. ही शेवटची.

बाराला दोन मिनिटं कमी. घरोघरी दुपारच्या स्वयंपाकासाठी शेगड्या पेटलेल्या. जमीन हलली. पडझडीतून वाचले त्यातले कितीतरी आगीत गेले.

पहाटे पावणेपाचला, पाहुणी म्हणून बंदरात नांगर टाकून बसलेल्या युद्धनौकेने त्याच बंदरावर तोफा डागल्या. ते थांबायला सहा वर्षं लागली.

सहा वर्षं एकटंच प्रवास करत आलेलं एक यान शनीच्या जवळून गेलं. तिथवर पोचलेलं पहिलंच. थांबायची सोय नव्हती, म्हणून ते पुढे निघून गेलं.

*

यांचा एकमेकांशी संबंध विचाराल तर काडीचाही नाही. फक्त तारीख एक, एक सप्टेंबर. वर्षं वेगळी, माणसं वेगळी, कबूतर तर माणूसही नाही, आणि तरी ही सहा जणं कित्येक वर्षं एकाच पानाच्या पाठीवर दाटीवाटीने राहत आली होती, एका खोलीत कोंबलेल्या भाडेकरूंसारखी.

पान म्हणजे रोज एक फाडायच्या कॅलेंडरचं. पुढे मोठा आकडा, वार, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्र. मागे दिनविशेष. तळहाताएवढं पान, त्यावर सहा ओळी. सातवी बसत नाही.

हे पान लिहिणाऱ्या माणसाला छापखान्यात तारीखमास्तर म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथेच राहिलं. मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पण समोरच्याने ‘अंदाजे’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, म्हणून मास्तर. चहा किती वाजता येतो विचारलं तर बाकीचे ‘अकराच्या सुमारास’ म्हणत, मास्तर ‘अकरा वाजून चार ते सात मिनिटांच्या दरम्यान’ म्हणत. लोक हसत. मास्तरांना ते कौतुक वाटायचं.

एक सप्टेंबर हा पूर्वी त्यांचा लाडका दिवस होता. सूर्यघड्याळाची सावली आणि आपलं काट्यांचं घड्याळ यांचं वर्षभर भांडण चालू असतं, कधी ते पुढे, कधी हे. फक्त चार दिवस असे येतात की, गावाच्या रेखांशाचा फरक वजा केला तर दोघांचं जमतं. त्यातला एक दिवस हा. मास्तरांनी ही गोष्ट त्या पानाच्या पुढच्या बाजूला, सूर्यास्ताच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत घातली होती. मालकांनी विचारलं होतं, हे कोणाला लागतं? मास्तर म्हणाले होते, “दिवसाला लागतं.”

*

भाची चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. रविवारी मामाकडे यायची, दोन वेळचं जेवण करून ठेवायची आणि जाताजाता चार शब्द सुनावून जायची. मामी गेल्यापासून हा शिरस्ता.

“मामा, हे शेवटचं वर्ष ना रे तुझं?”

“पुढच्या वर्षाचं कॅलेंडर छापायला दिलं की सुटलो.”

“मग आईची ओळ?”

मास्तर पाण्याचा ग्लास उगाच सरकवत बसले. “विचारतो.”

“सत्तावीस वर्षं विचारतोयस. लोक एवढ्यात नवीन ग्रह शोधून मोकळे झाले.”

“पानावर जागा...”

“जागा नाही. माहितीये. पाढ्यांसारखं पाठ आहे मला. कबुतराला जागा आहे, माझ्या आईला नाही.”

“ते साधंसुधं कबूतर नाही गं. त्या जातीतली ती शेवटची...”

“आईपण शेवटचीच होती. माझ्याकडे दुसरी नव्हती.”

तिने ओट्यावरचं फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि चपला घालताना पाठमोरीच म्हणाली, “आता म्हातारा मालकही नाही. त्याची मुलगी आहे. तिला विचार. आणि या खेपेला नाही म्हणाली तर मला सांग. मी येते तिच्याशी बोलायला.”

“तू कशाला?”

“तुझं बोलणं मला माहितीये. दार वाजवतोस आणि उघडायच्या आत माफी मागतोस.”

*

छापखान्यात तेव्हा पानं हाताने जुळवत. लांबलचक टेबल, त्यावर एका महिन्याचे एकतीस गठ्ठे ओळीने मांडलेले. सात बायका एकीमागे एक टेबलाभोवती फिरत, प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पान उचलत. एकतीस तारखेपासून एक तारखेकडे, डिसेंबरापासून जानेवारीकडे, कारण पहिला दिवस वर यायला हवा. बारा फेऱ्यांत एक वर्ष. मग कडेला गोंद, वर वजन, झालं कॅलेंडर.

मास्तरांची धाकटी बहीण त्या सातांत होती. नवरा सोडून गेला तेव्हा मास्तरांनीच तिला चिकटवून दिलं होतं. बोलायला फटकळ, चालायला चटपटीत.

“दादा, सकाळपासून चार वर्षं चालून आले, अजून चहाचा पत्ता नाही.”

“आज किती तारीख?” मास्तर पलीकडच्या खोलीतून प्रूफातून मान न काढता विचारत, तिला चिडवायला.

“माझ्या हातात तर सव्वीस फेब्रुवारी आहे बाई. तुझ्याकडे काय चाललंय?”

बायका खिदळत. फेरी चालू राही.

१९९८, एक सप्टेंबर. मंगळवार. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. टेबलाच्या वर लाकडी माळा होता, त्यावर कागद ठेवत. आधी कागद सरकल्याचा आवाज आला, मग लाकडाचा. मास्तर प्रूफ हातात घेऊन दारात आले तेव्हा टेबल दिसतच नव्हतं. दोन बायका पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या, त्या वाचल्या. पाच गेल्या. धाकटीला काढलं तेव्हा तिच्या मुठीत नऊ पानं होती. एकतीसपासून तेवीसपर्यंत. ती मास्तरांनी मोजली. का मोजली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन दिवस छापखाना बंद होता. कॅलेंडर वेळेवर निघालं. धुळीने डागाळलेली पानं तेवढी बाजूला काढली.

भाची पाच वर्षांची होती. ती मामाकडे राहायला आली.

*

पुढच्या वर्षी मास्तरांनी एक सप्टेंबरच्या पानावर सातवी ओळ लिहून मोठ्या मालकांपुढे ठेवली. मालकांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ओळ चांगली आहे, मास्तर. पण पानावर सहाच बसतात. आता तुम्हीच सांगा, कोणती काढू?”

युद्ध? कोट्यवधी माणसं मेली त्यात. भूकंप? लाखाच्या वर गेले. सूर्य? सूर्य काढायचा आणि कॅलेंडर काढायचं म्हणजे कमालच. धोंडा, यान, कबूतर. मालक एकेका ओळीवर बोट ठेवत आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत. मास्तर म्हणाले, “विचार करून सांगतो.” आणि पान घेऊन आपल्या टेबलाशी परत आले.

दर वर्षी हेच. मोठे मालक कधी ‘नाही’ म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, कोणती काढू. मालक थकले, आवाज गेला, हातवारे करून बोलू लागले, तरी त्या एका पानावर बोट फिरवून भुवई वर करायचे. मास्तर मान हलवायचे आणि परत फिरायचे.

आता खरं सांगायचं तर परत फिरताना मास्तरांचं पाऊल हलकं पडायचं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. स्वतःशीसुद्धा ते ती वर्षातून एकदाच बोलायचे, आणि तेही भरभर.

*

मोठ्या मालकांच्या मुलीला छापखान्यात मालकीणबाई म्हणत, ती मास्तरांना काका म्हणे. तिच्या खोलीत आता गार हवेचं यंत्र होतं आणि टेबलावर एकही कागद नव्हता.

“टाका की, काका.”

मास्तरांना वाटलं तिने नीट ऐकलं नाही. “एक सप्टेंबरचं पान म्हणतोय मी. त्या पाच बायका...”

“हो हो, ऐकलं. बाबांच्या वेळची गोष्ट ना? मला कुणी सांगितलंच नव्हतं कधी. वाईट झालं अगदी. टाका.”

“पण ओळी सहाच बसतात.”

“मग एक काढा.”

“कोणती?”

“कुठलीही. अहो, मागची बाजू वाचतं कोण? लोक त्यावर फोन नंबर लिहितात.” ती हसली, मग त्यांचा चेहरा बघून सावरली. “तसं नव्हे हो. तुमचं काम मोठंच आहे. छापखान्याचं नावही घाला हवं तर त्या ओळीत. आपण किती जुने आहोत ते कळतं लोकांना.”

सत्तावीस वर्षांचं त्रांगडं अर्ध्या मिनिटात सुटलं. मास्तर उठले. आपल्या टेबलाशी येऊन त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

*

१९९८ : एका छापखान्यात अपघात, पाच स्त्री-कामगारांचा मृत्यू.

खोडलं. अपघात कसला? वाचणाऱ्याला कळायला नको?

१९९८ : छापखान्यातला माळा कोसळून पानं जुळवणाऱ्या पाच स्त्रियांचा मृत्यू.

हे बरं. पण मास्तरांचा स्वतःचाच एक नियम होता आणि तो त्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणांना लावला होता. कशाने ते लिहायचं. नुसता भूकंप नाही, आग. नुसतं ‘बुडाले’ नाही, होडीत किती माणसं होती ते. माळा आपण होऊन कोसळत नाही.

१९९८ : कागदाच्या भाराने माळा कोसळून

कुठल्या कागदाच्या?

मास्तरांनी पेन्सिल ठेवली. खिडकीबाहेर एक माणूस टायरची नळी पाण्यात बुडवून भोक शोधत होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

त्या वर्षीच्या ऑगस्टात मार्चची पानं छापून झाली होती. एकूण एक. आणि मग मास्तरांना चूक सापडली, त्यांची स्वतःची. सूर्यास्ताचा आख्खा रकाना चुकला होता. मोठे मालक म्हणाले, “चालून जाईल हो मास्तर. सूर्याकडे कोण घड्याळ लावून बसलंय?” मास्तर म्हणाले, “मी बसलोय.” मालकांनी कपाळाला हात लावला, पण मार्च परत छापला.

राहिली चुकलेली पानं. मालक म्हणाले, रद्दीवाल्याला बोलावतो. तिथे मास्तर आडवे आले. रद्दीवाला ती दुकानदारांना विकणार, दुकानदार त्यात पुड्या बांधणार, आणि तारीखमास्तराची चूक गावभर घरोघरी जाणार. ते त्यांना सोसवेना. “आधी कापून बारीक करू, मग द्या कुणाला द्यायची ती.” पण कापायचं मशीन हंगामात रिकामं कुठलं? मालक ऑक्टोबरात बघू म्हणाले. तोवर माळ्यावर.

माळ्यावर नवा कागद आधीच ठासून भरला होता. हमालाने शिडीवरून सांगितलं होतं, “मास्तर, वर पाय ठेवायला जागा नाही.” मास्तर शिडीच्या तळाशी उभे होते. बोट करून म्हणाले होते, “कडेने लाव. बसतात.”

चौकशीवाला आला तेव्हा मोठे मालक म्हणाले, नेहमीचाच कागद होता, लाकूड जुनं झालं होतं. म्हणताना त्यांनी मास्तरांकडे एकदाच पाहिलं. त्यात उपकारही होता आणि मागणीही. मास्तर गप्प राहिले. दोघांचं भागलं.

त्यानंतरचा तो दरवर्षीचा प्रश्न, कोणती काढू, हे दोन म्हाताऱ्यांचं एकमेकांना सांभाळून घेणं होतं. मालकांना ती ओळ नको होती. मास्तरांना ती ओळ लिहायला नको होती. मधे बिचारं कबूतर बदनाम झालं.

*

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मास्तरांनी एका दमात लिहिलं:

१९९८ : तारखा लिहिणाऱ्याच्या हट्टावरून माळ्यावर चढवलेल्या रद्द पानांच्या भाराने माळा कोसळून, छापखान्यातल्या पाच स्त्रियांचा मृत्यू.

वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. तसं लिहून झाल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

संगणकावर पानं लावणाऱ्या माणसाला सगळे अनडू म्हणत. काहीही बिघडलं की तो म्हणे, ‘घाबरायचं काय, अनडू करता येतं.’ चाळिशीचा, डोक्यावर टक्कल, तोंडात सतत काहीतरी.

“लांब होतेय ओळ,” अनडू म्हणाला. त्याने मजकूर वाचला असेल असं त्याच्या तोंडावरून वाटलं नाही. “काय उडवायचं?”

“कबूतर.”

“तुमचं कबूतर?” आता त्याने मान वळवली. “मागच्या वर्षी त्यातलं एक अक्षर तुटलं तर मला दोन दिवस झोडपत होतात.”

“उडव म्हटलं ना.”

सहा ओळींतल्या पाच कुणालाही सापडल्या असत्या. कबूतर मास्तरांनी स्वतः हुडकलं होतं, ग्रंथालयात एका फाटक्या मासिकात. धाकटीसाठी काढायचं तर आपलं आवडतं काढावं, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. हीसुद्धा त्यांची एक ऐटच असेल.

अनडूने बटण दाबलं. शेवटचं कबूतर गेलं. जाताना काही वाजलं नाही.

*

चष्म्याच्या दुकानात मागे एक अरुंद खोली होती. समोर भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं, बसायला एकच खुर्ची, तपासायला येणाऱ्याची. मास्तर तीत बसले. भाची उभी राहिली.

“पास झाली?” तिने त्यांच्या हातातला प्रूफाचा कागद जवळजवळ ओढूनच घेतला. “तिने केली पास? खरंच? अरे मामा!” ती हसली. इतकी मोकळी हसली की मास्तरांना तिच्या आईचे दात दिसले. मग ती वाचू लागली.

वाचलं. परत वाचलं. डोळे तपासणाऱ्या माणसाला दोनदा वाचावं लागत नाही.

“तारखा लिहिणारा म्हणजे कोण?”

“मी.”

“कसला हट्ट?”

मास्तरांनी सांगितलं. मार्च, रद्दीवाला, पुड्या, शिडी, बोट. काही गाळलं नाही. गाळायची त्यांना सवयच नव्हती, फक्त सांगायची नव्हती. मधे पडदा सरकवून एक बाई डोकावली, “चष्मा तयार आहे का माझा?” भाची म्हणाली, “दहा मिनिटं थांबा हं,” अगदी रोजच्या आवाजात.

पडदा परत पडला.

“म्हणजे जागा नव्हती हे सगळं...”

“जागा खरंच नव्हती.”

“मामा.”

“नव्हती. पण असती तरी मी...”

“शाळेत जायच्या आधी रोज मी त्या म्हाताऱ्याच्या नावाने बोटं मोडायचे. आठवतं? त्याच्या तोंडात किडे पडोत म्हणायचे. आणि तू मागे उभा राहून माझ्या वेण्या घालत असायचास. काय म्हणायचास?”

मास्तर समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचू लागले.

“मान सरळ ठेव, म्हणायचास.”

बाहेर दुकानात फोन वाजला, वाजून थांबला. तिने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, मग हात लांब करून धरला, जसं काही अंतर चुकत असावं.

“ही ओळ नको.”

“खरी आहे गं. आता अगदी खरी आहे.”

“असेल. यात आई कुठेय? सुरुवातीलाच तू. तारखा लिहिणारा. त्याचा हट्ट. मग तुझी पानं, मग तुझ्या पानांचं वजन. आई सगळ्यात शेवटी, पाचांतली एक. एवढीशी एक ओळ मागितली होती रे तिच्यासाठी, त्यातही तू खुर्ची टाकून बसलास.”

“बदलतो. तू सांगशील तशी लिहितो. तिचं नाव घालतो.”

“तुझ्या हाताने नको.”

“मग कोणाच्या? पुढच्या वर्षी मी नसणार तिथे. नंतर कुणी विचारणारही नाही.”

“मग राहू दे.”

“तू सव्वीस वर्षं...”

“सत्तावीस. तूच मोजत होतास ना?”

तिने कागदाची घडी घातली आणि त्यांच्या खिशात ठेवली. फाडला असता तर मास्तरांना चाललं असतं. घडी अगदी कडेला कड जुळवून घातली होती, तेवढी मात्र मामाची शिकवण.

“खुर्ची मोकळी कर, मामा. बाहेर माणसं थांबलीत.”

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्या रविवारी दुकानातल्या पोरीबरोबर डबे पाठवले. सोबत चिठ्ठी नव्हती. डब्यांवर दिवस लिहिले होते: सोम, मंगळ, बुध.

*

“ही काढायची?” अनडूने विचारलं. “परवाच घातली की.”

“काढ.”

“मग कबूतर परत आणू? अनडू मारला की हजर.”

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. पाच ओळी आणि खाली एका ओळीची पांढरी जागा. एवढी तरी राहील, असं त्यांच्या मनात आलं. कुणी विचारलं तर सांगता येईल असं काही त्यात नव्हतं, पण जागा दिसेल. सत्तावीस वर्षं नाही नाही म्हणून सांगितलेली जागा.

“नको. मोकळी ठेव.”

“मोकळी कशी ठेवू? छपाईत चुकलं वाटेल लोकांना.” अनडूने तोंडातलं चघळणं थांबवलं, दोन बटणं दाबली. “हे बघा. ओळींतलं अंतर जरा वाढवलं. पाचही कशा ऐसपैस बसल्या.”

धोंडा, सूर्य, भूकंप, युद्ध, यान. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी जागा आली होती. खाली पांढरं काहीच उरलं नव्हतं.

दारातून जाता जाता मालकीणबाई थांबल्या, वाकून बघितलं. “अरे वा, आता कसं सुटसुटीत वाटतंय. सगळ्याच पानांना पाच ओळी करा ना, काका. वाचायलाही सोपं.” मग आठवल्यासारखं करून म्हणाल्या, “ती तुमची ओळ घातली ना?”

अनडूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पेन काढलं.

“जागा नव्हती,” मास्तर म्हणाले, आणि प्रूफाच्या कोपऱ्यात ‘बरोबर’ लिहून खाली सही केली.

रद्द केलेल्या मार्चच्या पानांवर सूर्यास्त एक मिनिट उशिरा छापला गेला होता.